चेखव निवाडा देत नाही, मग तो करतो तरी काय?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही ग्रामसेवक आहात आणि कथा लिहिता. नव्या कथेत घरकुलाचा हप्ता सोडण्यासाठी पैसे मागणारा एक ग्रामसेवक आहे. माणूस एरवी बरा, लोकांच्या अडीअडचणीला धावणारा. वाचनगटात कथा वाचल्यावर पहिला प्रश्न आला, "लेखकाची भूमिका काय?" तुम्ही रशियन कथाकार चेखवचा दाखला दिलात, की लेखकाने पात्रांचा न्यायाधीश व्हायचं नसतं. त्यावर कुणीतरी सुनावलं की हाच चेखव साखालिन या कैद्यांच्या बेटापर्यंत गेला, शाळा बांधल्या, कॉलऱ्याच्या दिवसांत बिनपगारी राबला. जगताना भूमिका घ्यायची आणि लिहिताना हात वर करायचे, ही पळवाट नाही का? आता तुम्ही विचारताय की यातला खरा चेखव कुठला.

मी दिवाळी अंकांसाठी कथा वाचते आणि संपादित करते, आणि लेखन-शिबिरांत चेखवची पत्रं घेऊन बसते. त्यामुळे हा वाद मला नवा नाही. पण माझ्या मते तुमची अडचण चेखवच्या स्वभावाची नाहीच. लिहिताना निवाडा टाळायचा म्हणजे प्रत्यक्षात कागदावर काय करायचं, हे कुणी सांगत नाही, ही खरी अडचण आहे. ते एकदा दिसलं की शाळा बांधणारा आणि कथा लिहिणारा यांच्यातलं भांडणही बरंच मिटतं.

आधी एक सावधगिरी. चेखवने कलेवर ग्रंथ लिहिलेला नाही. त्याचे विचार विखुरलेत ते पत्रांमध्ये, आणि त्याची चार हजारांहून अधिक पत्रं आज उपलब्ध आहेत. प्रत्येक पत्र एका विशिष्ट माणसाला, त्याच्या विशिष्ट दुखण्यावर लिहिलेलं. स्वतः डॉक्टर असलेल्या या माणसाचे सल्ले म्हणजे एकेका रोग्याची चिठ्ठी. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून आपण औषध आणत नाही, तसंच इथेही. लेखक गॉर्कीला तो विशेषणं खोडायला सांगतो, कारण गॉर्की भावनेच्या भरात वाहत जायचा. लेखिका लिडिया अविलोवाला तो १८९२ मध्ये लिहितो की दुःखी माणसांचं चित्रण करताना जरा थंड राहा, म्हणजे त्यांचं दुःख अधिक उठून दिसेल. अविलोवाच्या कथा रडव्या होत होत्या. ज्याचं लेखन मुळातच कोरडं आहे त्याने हा सल्ला पाळला तर कथा उरणारच नाही. त्यामुळे इंटरनेटवर फिरणारे चेखवचे 'लेखनाचे नियम' मी शिबिरात कधीच वाटत नाही. पत्र पूर्ण वाचायचं आणि ते कुणाला लिहिलंय ते आधी बघायचं.

तुमच्या प्रश्नाशी थेट भिडणारी दोन पत्रं आहेत. दोन्ही सुवोरिनला, म्हणजे पीटर्सबर्गच्या 'नोवोये व्रेम्या' या बड्या वृत्तपत्राच्या मालकाला. पहिलं २७ ऑक्टोबर १८८८चं, चेखव तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. त्यात तो म्हणतो की प्रश्न सोडवणं आणि प्रश्न योग्य रीतीने मांडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कलावंतावर बंधन आहे ते फक्त दुसऱ्या गोष्टीचं. दाखला देतो टॉलस्टॉयच्या 'अ‍ॅना कॅरेनिना'चा आणि पुश्किनच्या 'ओनेगिन'चा: तिथे एकही प्रश्न सुटलेला नाही, तरी वाचकाचं समाधान होतं, कारण सगळे प्रश्न नीट मांडलेले आहेत. न्यायालयाने प्रश्न नीट ठेवावेत, निकाल ज्यूरीने आपापल्या बुद्धीने द्यावा.

हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्याच पत्रातलं दुसरं एक म्हणणं मात्र फारसं कुणी सांगत नाही, आणि तुमच्या गटातल्या आक्षेपाला उत्तर तिथे आहे. कलावंत निरीक्षण करतो, निवडतो, अंदाज बांधतो, जुळवतो. या क्रियाच सांगतात की त्याच्या मनात आधीपासून काही प्रश्न आहे. प्रश्नच नसता तर निवडायचं कशाच्या आधारावर? आपण काहीही हेतू न ठेवता निव्वळ स्फूर्तीने कथा लिहिली अशी बढाई कुणी मारली तर त्याला मी वेडा म्हणेन, असंही तो तिथे लिहितो. म्हणजे चेखवची तटस्थता हेतुशून्य नाही. बाजू घेतली जाते ती निवडीत. काय दाखवलं, कुठल्या क्षणी दाखवलं, कुणाच्या डोळ्यांनी दाखवलं, यातच लेखक पुरता उघडा पडतो.

दुसरं पत्र १ एप्रिल १८९०चं, आणि ते जणू तुमच्याच कथेवर लिहिलंय. चेखवची घोडेचोरांवरची कथा त्याच सुमारास आलेली. सुवोरिनची तक्रार अशी की तू वस्तुनिष्ठ राहतोस म्हणजे तुला बऱ्या-वाइटाचं काही पडलेलं नाही. चेखवचं उत्तर: घोडे चोरणं वाईट, हे मी सांगावं असं तुम्हाला वाटतं, पण ते माझ्याशिवायही सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचा न्याय ज्यूरीने करावा, मी फक्त ते कसे आहेत ते दाखवतो. पुढे तो कारागिराचं कारण देतो. सातशे ओळींत घोडेचोर उभे करायचे तर मला सतत त्यांच्या सुरात बोलावं लागतं, त्यांच्यासारखा विचार करावा लागतो. मध्येच माझी मतं घुसवली तर चित्र विरघळतं आणि कथेचा आटोपशीरपणा जातो. जे कमी आहे ते वाचक स्वतः भरेल, एवढा वाचकावर माझा भरवसा आहे.

त्या कथेत घोडेचोरांइतकाच महत्त्वाचा आहे येर्गुनोव नावाचा दवाखान्यातला कंपाउंडर-कम-सहायक, बढाईखोर आणि दारुडा. दवाखान्यासाठी खरेदी करून परतताना बर्फाच्या वादळात तो चोरांच्या अड्ड्यावर रात्र काढतो. घोडाही जातो आणि मालही. पण त्याला त्या लोकांचा हेवा वाटायला लागतो. शेवटी नोकरी गेलेला हा माणूस मनात म्हणतो, एखाद्या रात्री कुणा श्रीमंताच्या घरात आपणही शिरावं. लहानसा सरकारी चाकर, त्याची रटाळ नोकरी आणि चोरांच्या मोकळेपणाची भूल. यात चोरी समर्थनीय ठरते का? अजिबात नाही. पण आपण वाचतो तेव्हा तो मोह आपल्याला समजतो, आणि समजला म्हणूनच अस्वस्थ करतो. प्रश्न नीट मांडणं म्हणजे हे.

आता तुमच्या कथेकडे येते. तुम्ही जो सारांश दिलाय त्यावरून वाटतं की ग्रामसेवकाच्या बाजूची सगळी कारणं कथेत आहेत: आईचं आजारपण, वरच्यांचा वाटा, थकलेला प्रवासभत्ता. ज्या बाईचा हप्ता अडलाय ती मात्र एकदाच येते, दोन वाक्यं बोलते आणि जाते. तुमच्या गटातल्या लोकांना 'भूमिका' हवी आहे असं ते म्हणत असले तरी त्यांना खटकलंय ते बहुधा दुसरंच. वकील एकाच पक्षाला मिळालाय. माझ्याकडे येणाऱ्या कथांत हे फार वेळा दिसतं. लेखक निवाडा टाळतोय असं समजतो आणि प्रत्यक्षात मुख्य पात्राच्या बाजूने निवाडा देऊन बसलेला असतो. उपाय म्हणून शेवटी धिक्काराचं एक वाक्य जोडू नका. त्या बाईला तिची पूर्ण बाजू द्या. जोत्यापर्यंतच्या कामाचा फोटो काढून गेल्यावर पुढचा हप्ता येईपर्यंत ती कुठे राहते, सिमेंट उधार देणारा दुकानदार तिला काय म्हणतो, पावसाळा किती लांब आहे, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ते लिहिलंत की भूमिका विचारणारे गप्प बसतील. कदाचित आपसात भांडतील, आणि कथेसाठी ते उत्तम.

सहानुभूतीचा मुद्दा इथेच सांगून टाकते, कारण 'थंड राहा' या सल्ल्याने बरेच जण भरकटतात. मे १८८६ मध्ये थोरल्या भावाला, अलेक्झांडरला, चेखवने चांगल्या लेखनाच्या सहा अटी कळवल्या. त्यात राजकीय-सामाजिक लांबण नको, वस्तुनिष्ठता हवी, खरं वर्णन, कमालीची संक्षिप्तता, धाडस, आणि शेवटची अट जिव्हाळा. थंडपणा आणि जिव्हाळा त्याला एकत्र हवे होते. त्याच वर्षीची घोडागाडीवाल्याची कथा घ्या, मुलगा वारलेल्या म्हाताऱ्या योनाची. गिऱ्हाइकांना तो सांगू पाहतो, कुणी ऐकत नाही, शेवटी घोडीला सांगतो. गिऱ्हाइकं दुष्ट नाहीत, घाईत आहेत. शिवाय गंमत अशी की त्या कथेत एके ठिकाणी चेखव स्वतःच थंड राहत नाही: योनाची छाती फुटली तर त्याचं दुःख सगळ्या जगावर पसरेल, असं लिहून जातो. नियम सांगणाऱ्यानेही तो मोडलाय, आणि कथेचं काही बिघडलेलं नाही.

आता चेखवच्या लेखनाबाहेरच्या कामाकडे वळते. तुमच्या गटातल्या आक्षेपात शाळा आणि साखालिन येतात, त्यामुळे हे टाळून चालणार नाही.

चेखवचा आजोबा भूदास, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचा शेतकरी होता. त्याने पैसे साठवून १८४१ मध्ये कुटुंबाची सुटका विकत घेतली. वडिलांचं तागानरोग या गावातलं किराणा दुकान १८७६ मध्ये बुडालं, ते मॉस्कोला पळाले, आणि सोळा वर्षांचा अंतोन शिकवण्या करत मागे राहिला. पुढे वैद्यकाचं शिक्षण घेता घेता विनोदी साप्ताहिकांत लिहून त्याने घर चालवलं. अशा माणसाला कामाचं कौतुक वाटण्यापेक्षा कामाची सवय असते. मार्च १८८६ मध्ये चित्रकार भाऊ निकोलाय याला लिहिलेल्या पत्रात तो सुसंस्कृत माणसाची लक्षणं सांगतो आणि शेवटी येतो तो रात्रंदिवस काम, सततचं वाचन, अभ्यास आणि इच्छाशक्ती यावर. निकोलाय गुणी होता, दारूत आणि आळसात वाया चालला होता, तीन वर्षांनी क्षयाने गेला. हीही एक चिठ्ठीच, पण ती लिहिणाऱ्याचा हात थरथरलेला जाणवतो.

१८९० मध्ये तो सायबेरिया ओलांडून साखालिनला गेला, तीन महिने राहिला आणि जवळपास दहा हजार कैदी आणि वसाहतकऱ्यांची नोंद कार्डांवर केली, घरोघर फिरून. त्यातून झालेलं पुस्तक मतांनी कमी आणि माहितीने जास्त भरलेलं आहे. १८९२ मध्ये मॉस्कोजवळ मेलिखोवो या खेड्यात जमीन घेतली, आणि कॉलरा येणार म्हणून पंचवीस गावं, चार कारखाने आणि एक मठ एवढा भाग बिनपगारी सांभाळला. तालेझ, नोवोसेल्की आणि मेलिखोवो इथे शाळा उभ्या केल्या.

आणि हाच माणूस कथेत काय करतो? १८९६ मध्ये, म्हणजे तालेझची शाळा झाली त्याच वर्षी, त्याची माडीच्या घराची कथा (इंग्रजीत 'द हाउस विथ द मेझानीन') आली. त्यात लिडा नावाची तरुणी आहे. गावात शिकवते, औषधं देते, स्थानिक कारभाराच्या निवडणुकांत उतरते. तिच्यासमोर एक रिकामटेकडा चित्रकार. तो म्हणतो, तुमच्या शाळा आणि दवाखाने लोकांच्या बेड्या आणखी आवळतात, त्यांच्या गरजा वाढवतात, पाठ मोडणाऱ्या कष्टातून सोडवत नाहीत. लिडा म्हणते, हे सगळं मी ऐकलंय, पण हात बांधून बसता येत नाही. लिडा आपल्याला आवडत नाही. ती कोरडी आहे, धाकट्या बहिणीचं प्रेम मोडते. चित्रकार आवडतो, पण तो काहीच करत नाही. आयुष्यात चेखव लिडाच्या बाजूला उभा होता, विटा आणि लाकूड गोळा करत. कथेत मात्र त्याने स्वतःच्या कामाविरुद्धचा सगळ्यात जोरदार युक्तिवाद आकर्षक माणसाच्या तोंडी दिला, आणि स्वतःची बाजू नावडत्या मुलीला. पळवाट शोधणारा लेखक बरोबर उलटं करतो. म्हणून तुमच्या गटातल्या त्या सदस्याशी मी सहमत नाही. ज्यावर आपण रोज घाम गाळतो त्यावरच कथेत खटला भरणं, ही मला तरी भूमिकेपेक्षा अवघड गोष्ट वाटते.

तुम्ही नोकरीतले आहात म्हणून आणखी एक प्रसंग सांगते. १९०१ मध्ये रंगमंचावर आलेल्या 'तीन बहिणी' नाटकात पहिल्या अंकात कामाची केवढी आरती चालते! तुझेनबाख नावाचा सरदार घराण्यातला तरुण म्हणतो आणखी पंचवीस-तीस वर्षांत प्रत्येक जण काम करत असेल. स्वतः त्याने आयुष्यात कधी काम केलेलं नाही, बूटसुद्धा नोकर काढायचा. बहिणींतली धाकटी इरीना, तिला कामाचे डोहाळे लागतात. दुसऱ्या अंकात ती तारखात्यात नोकरीला आहे आणि दमून घरी येते. सांगते, आज एक बाई आली होती, मुलगा वारल्याची तार सारातोवला भावाला करायची होती, पत्ता आठवेना. शेवटी पत्त्याशिवाय, नुसतं सारातोव लिहून तार गेली. बाई रडत होती, आणि मी उगाचच तिच्यावर खेकसले, म्हटलं मला वेळ नाही.

खिडकीच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं. इरीना चांगली मुलगी आहे. व्यवस्थेने तिला भ्रष्ट केलंय असंही नाटक म्हणत नाही. ती दमली आहे, एवढंच. माणसाच्या स्वभावाबद्दल चेखवला जे म्हणायचंय ते मला या दोन-तीन वाक्यांत सापडतं: वाईट वागायला वाईट असावं लागत नाही. शेतकरी-कष्टकऱ्यांच्या जन्मजात सद्गुणांवरही त्याचा विश्वास नव्हता. टॉलस्टॉयच्या शिकवणीचा प्रभाव त्याच्यावर सहा-सात वर्षं होता, पण १८९४ मध्ये तो सुवोरिनला लिहितो की माझ्यात शेतकऱ्याचंच रक्त आहे, त्यांच्या सद्गुणांचं मला नवल नाही, आणि ब्रह्मचर्य आणि शाकाहारापेक्षा वीज आणि वाफेत मानवप्रेम जास्त आहे. तरी त्याच्या टिपणवहीत एक नोंद आहे की माणूस कसा आहे हे त्याला दाखवलंत तर तो सुधारेल. ती आशा मला थोडी जास्त वाटते, पण तिच्यावर त्याने लेखनाचा सगळा डोलारा उभा केला.

तटस्थतेने तो स्वतः नेहमी समाधानी होता असं मात्र समजू नका. नोव्हेंबर १८९२चं पत्र वाचा. त्यात तो म्हणतो की थोर लेखक वाचकाला कुठेतरी नेतात. आमच्या पिढीच्या लेखनात मद्य नाही, नुसतं लिंबूपाणी. आम्हाला ना जवळची उद्दिष्टं, ना दूरची. म्हणजे तुमच्या गटाने विचारलेला प्रश्न त्याने स्वतःलाच विचारला होता. उत्तर म्हणून त्याने उसनं ध्येय कथेला डकवलं नाही, एवढंच.

आणि जिथे उघड भूमिका घ्यायची वेळ आली तिथे ती त्याने स्वतःच्या नावाने घेतली, पात्रांच्या तोंडून नव्हे. १८९८ मध्ये फ्रान्समधल्या ड्रायफस प्रकरणात (एका निरपराध ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर देशद्रोहाचा ठपका ठेवला गेला होता) त्या अधिकाऱ्यासाठी लढणाऱ्या फ्रेंच कादंबरीकार झोलाच्या बाजूने तो उभा राहिला, त्यापायी सुवोरिनशी असलेल्या जुन्या मैत्रीत अंतर पडलं. १९०२ मध्ये गॉर्कीची अकादमीतली निवड रद्द झाली तेव्हा लेखक कोरोलेन्कोबरोबर त्यानेही सन्माननीय सदस्यत्व सोडलं.

तुम्हाला हे जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणणार नाही. तुम्ही नोकरीत आहात, सेवानियम आहेत, कथेतलं गाव ओळखू आलं तर त्रास एकट्या तुम्हाला होणार. तुम्हाला उपहासकथा लिहायची असेल तर निवाडा लपवण्याचं कारणच नाही, तो प्रकारच निवाड्यावर चालतो. आणि गटातल्या कुणाला स्वतः असा हप्ता अडल्याचा अनुभव असेल, तर त्याच्या रागापुढे चेखवची पत्रं फेकून उपयोग नाही. त्याच्याकडून त्या बाईच्या प्रसंगासाठी तपशील घ्या.

पुढच्या मसुद्यापुरतं सांगायचं तर ग्रामसेवकाच्या आईच्या आजारपणाचा परिच्छेद निम्मा करा, तो वाचकाला लाच देतोय. बाईचा प्रसंग तिच्या घरापाशी न्या, कार्यालयात नको. कथेच्या शेवटची ग्रामसेवकाची कबुली पूर्ण काढा. आणि ते करण्याआधी एक सराव: लिडाची ती कथा वाचून तिच्या बाजूने एक पान लिहा, चित्रकाराला तोडीस तोड उत्तर देणारं. मग तुमच्या कथेतल्या बाईसाठी तसंच एक पान लिहा. दुसरं पान जड जात असेल तर कथेत काय राहिलंय ते तुम्हालाच कळेल. मसुदा झाला की इथेच टाका, मी वाचेन.